रेडिओ म्हणतो 'हात धुवा', पण पाणी कुठे आहे?

आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "खेड्यातले लोक अडाणी, त्यांना रेडिओ-टीव्हीवरून समजावले पाहिजे." हे वाक्य इतिहासावर तपासून पाहू.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेबांच्या पक्षाची भूमिका स्पष्ट होती : वारंवारच्या बाळंतपणात स्त्रीचा जीव जातो, म्हणून साधने हाती असणे हा तिचा हक्क आहे. सभागृहाने ठराव फेटाळला.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळे चालवली. शेतीबरोबर आरोग्याचेही विषय होते. सूत्र होते : ऐका, चर्चा करा, कृती करा. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान भरपूर वाढले. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे फारच कमी. म्हणजे लोक अडाणी नव्हते, त्यांना कुणी विचारत नव्हते. पण आपण पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : त्या रेडिओभोवती महारवाड्यातले किती बसले? बाया किती बसल्या?

मग आणीबाणी आली. आकाशवाणी, दूरदर्शन सरकारच्या मुठीत. लाल त्रिकोणाचा प्रचार आणि बाहेर नसबंदीची सक्ती. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. जो विषय १९३८ मध्ये स्त्रीचा हक्क म्हणून मांडला गेला, तो गरिबांवर दहशत म्हणून लादला गेला. परिणाम? पुरुष नसबंदीवरचा विश्वास उडाला तो आजवर सावरला नाही. ऑपरेशनचे ओझे बाईच्याच अंगावर पडले.

याउलट पोलिओ पाहा. टीव्हीवर अमिताभ बच्चन 'दो बूँद' सांगत होते, पण त्याच वेळी आशा आणि अंगणवाडी ताई डोस घेऊन दारात उभ्या होत्या. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. संदेशाला हातपाय होते, म्हणून सवय बदलली.

आता उंबरमाळीकडे या. हा शहापूर तालुका. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पुढे भातसाही झाले. आणि उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी, ठाकूर, महादेव कोळी बाया टँकरची वाट पाहतात. २०२० मध्ये टीव्ही आणि मोबाईल दिवसभर सांगत होते, साबणाने वीस सेकंद हात धुवा. डोक्यावरून हंडा आणणाऱ्या बाईला हे ऐकवताना कुणाला लाज वाटली नाही.

म्हणून तरुणांनो, आरोग्याची जाहिरात जरूर ऐका, वस्तीत बसून तिच्यावर चर्चा करा. पण कृतीची पाळी आली की फक्त आईला "हात धुव" सांगून थांबू नका. ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा : नळ कधी येणार? उपकेंद्रात नर्स कधी बसणार?

जय भीम!