ओननच्या उगमापाशी तुमची मोजदाद

साल 1206. आजच्या मंगोलियाच्या ईशान्य भागात, ओनन नदीच्या उगमाजवळ तुम्ही उभे आहात. चहूकडे नमद्याचे तंबू, वाळलेल्या शेणाचा धूर आणि नजर पुरणार नाही इतके घोडे. तुम्ही केरेइत कबिल्याचे आहात. तीन वर्षांपूर्वी तेमुजिनने तुमच्या वाँग खानाचा पाडाव केला आणि तुमची माणसे जिंकणाऱ्यांत वाटून दिली. आज नऊ शेपट्यांचा पांढरा ध्वज उभारला आहे, तेमुजिन आता चंगीझ खान आहे, आणि तुमची मोजदाद व्हायची आहे.

तुम्हाला ज्या दहांत बसवतात, त्यांत तुमचा भाऊ नाही. डावीकडे एक नायमान, उजवीकडे एक मेर्कित. कालपर्यंत या लोकांशी तुमची सोयरीक नव्हती, वैर मात्र होते. दहांचा हा गट म्हणजे आर्बान. असे दहा मिळून जगून, दहा जगूनांचे मिंगान, दहा मिंगानांचा तुमेन. तुम्ही आपल्या बापाचे नाव सांगू लागता, तेव्हा दहांचा म्होरक्या हात वर करतो. ‘कोणाचा मुलगा ते असू दे. भाता दाखव.’

तुमच्या हजाराचा सरदार आहे गुचुगुर. सुतार माणूस. त्याच्याकडे माणसे कमी होती, म्हणून इकडून तिकडून गोळा करून त्याचा हजार भरला, आणि त्या गोळा केलेल्यांत तुम्ही आहात. पलीकडे देगेई नावाच्या मेंढपाळालाही असाच विखुरलेल्यांचा हजार मिळाला आहे. बादाई आणि किशिलिक यांच्याकडे तुम्ही टक लावून पाहता. ते तुमच्याच बाजूच्या एका सरदाराचे घोडे राखत. वाँग खानाच्या गोटातला हल्ल्याचा बेत त्यांनी रातोरात जाऊन तेमुजिनला कळवला होता. आज ते दोघेही हजारांचे मानकरी आहेत. तुमच्या जुन्या जगात घोडे राखणारा मरेपर्यंत घोडेच राखत असे. इथे तो उमरावांच्या पोरांना हुकूम देतो. एवढी एक गोष्ट पाहिली तरी चंगीझची ताकद कशात होती, ते मला कळते.

पण त्याची किंमतही तुम्हीच मोजता. तुमचा आर्बान सोडून दुसऱ्यात जाता येत नाही. गेलात तर मृत्यू, आणि ज्याने आसरा दिला त्यालाही शिक्षा. पोपचा दूत म्हणून 1240 च्या दशकात इथे आलेला कार्पिनी लिहून ठेवतो, की लढाईत दहांतले एक-दोघे पळाले तर दहाही मारले जात, आणि दहाच्या दहा पळाले तर त्यांचा शंभरांचा सगळा जगून. म्हणून तो परका मेर्कित आता तुमच्या जिवाचा जामीन आहे आणि तुम्ही त्याच्या. रात्री तो जागा आहे ना, हे तुम्ही उठून पाहता. म्होरक्यालाही सुटका नाही: दहा माणसे ज्याला सांभाळता येत नाहीत, तो बायकामुलांसह गुन्हेगार ठरतो आणि त्याच दहांतून दुसरा नेमला जातो.

संध्याकाळी सामानाची तपासणी होते. धनुष्य, बाण, कुऱ्हाड, दोर, अगदी सुईदोरासुद्धा. जे कमी भरेल त्यासाठी शिक्षा. तुम्ही मोहिमेवर गेलात की तुमच्या वाट्याचे कर आणि कामे तुमची बायको सांभाळणार, कारण हजार म्हणजे फक्त घोडेस्वार नव्हेत. त्यांची कुटुंबे, गुरे, चराईची कुरणे सगळी त्याच हिशोबात आहेत. कोण कोणाच्या वाट्याला गेले, हे शिगी खुतुखू निळ्या वहीत नोंदवून ठेवतो. त्याला लहानपणी तातारांच्या मोडलेल्या तळावरून उचलून आणले होते. आज सगळ्यांचा न्यायनिवाडा तो करतो.

असे हजारांचे 95 सरदार त्या वर्षी नेमले गेले. ही रीत चंगीझने शोधून काढली नव्हती. सुमारे 1400 वर्षे आधी, मोदू या राजानंतरच्या श्योंग्नू भटक्यांतही दहाचे, शंभराचे, हजाराचे नायक होते. ओंगिरातांसारख्या विश्वासू सोयऱ्यांचे हजार चंगीझने अखंडही ठेवले. मोडले ते पराभूतांचे कबिले. दहाच्या आकड्याने त्याने फौज उभी केली, हे सगळे सांगतात. त्याच आकड्याने त्याने केरेइत, नायमान, तातार ही राज्ये पुन्हा एकत्र येऊ शकणार नाहीत अशी विस्कटली, हे मला जास्त मोठे वाटते. आणि जास्त क्रूरही.

परत येताना 460 वर्षे पुढे, आग्र्याच्या दरबारात थांबा. 12 मे 1666. तख्तावरचा औरंगजेब तैमूरचा वंशज, आणि बाबराच्या आईकडून चंगीझचाही. त्याच्या मनसबदारीची शिडी दहापासून वर हजारांत चढते. स्टेपवरची ही मोजणी तैमुरी घराण्याबरोबर हिंदुस्थानात पोचलेली आहे. शंभूराजांना पंचहजारी मनसब आधीच मिळाली आहे, आणि शिवाजी महाराजांनाही पंचहजाऱ्यांच्या रांगेत उभे केले आहे. माणसाची जागा आकड्याने ठरवणारी ती रांग महाराजांनी मानली नाही. भर दरबारात तख्ताकडे पाठ फिरवून ते रांगेतून बाहेर पडले.