नातू कुणाचा? जहाजावरच्या कागदांची गोष्ट

आजी-आजोबा रिटायर झालेले, नातवाला सुट्टी आणि आई-बाबांना रजा नाही. मग क्रूझवर तिघंच निघतात. आणि बऱ्याच क्रूझ कंपन्या विचारतात, आई-वडिलांचं संमतीपत्र आणलंय का? आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "सख्ख्या नातवाला न्यायला परवानगी कसली?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायचं तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, तेही एका जहाजावर.

एप्रिल १९१२. फ्रान्समधल्या नीस शहरातला मिशेल नाव्रातिल हा शिंपी बायकोपासून वेगळा राहत होता. ईस्टरच्या सुट्टीत त्याची दोन मुलं त्याच्याकडे आली. थोरला पावणेचार वर्षांचा, धाकटा दोन. बापाने त्यांना परत पाठवलंच नाही. इंग्लंड गाठलं, 'हॉफमन' या खोट्या नावाने सेकंड क्लासची तिकिटं काढली आणि मुलांना घेऊन जहाजावर चढला. जहाज होतं टायटॅनिक!

पुढचं आपल्याला माहीत आहे. बापाने दोघांना लाइफबोटीत पोचवलं आणि स्वतः बुडाला. न्यूयॉर्कला उतरली ती इंग्रजीचा एक शब्दही न येणारी दोन चिमुरडी पोरं, आणि प्रवाशांच्या यादीतलं त्यांचं आडनाव खोटं. फ्रेंच येणाऱ्या मार्गारेट हेज या बचावलेल्या प्रवासी बाईंनी त्यांना घरी नेलं. वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या आणि फोटो आले, त्यावरून फ्रान्समध्ये आईने ओळखलं. १६ मे १९१२ ला ती न्यूयॉर्कला पोचली तेव्हा कुठे मुलं तिला मिळाली. बापाचा मृतदेह कॅनडात हॅलिफॅक्सच्या ज्यू दफनभूमीत पुरला गेला, कारण 'हॉफमन' हे नाव ज्यू वाटलं. तो होता कॅथलिक.

गंमत म्हणजे तेव्हा अमेरिकेत मुलांसाठी कायदा नव्हता असं नाही. १९०७ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार आई किंवा वडील सोबत नसलेल्या १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाकारता येत असे. म्हणजे आजीबरोबर आलेला नातू अडकला असता आणि पळवून आणणारा बाप आरामात सुटला असता. सोबतचा मोठा माणूस हाच मुलाचा कागद, असा सगळा कारभार.

पहिल्या महायुद्धानंतर पासपोर्ट सगळीकडे सक्तीचा झाला. १९२० साली लीग ऑफ नेशन्सने पॅरिसला परिषद घेऊन पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरवला, ३२ पानांचा. पण मूल म्हणजे आई-वडिलांच्या पासपोर्टातली फक्त एक ओळ! आपल्याकडेही एके काळी तशी नोंद व्हायची. याचा परिणाम बघा. मूल आईच्या पासपोर्टात असेल तर आई घेऊन जाऊ शकते, आजी नाही. ही पद्धत मोडायला बराच वेळ लागला. ब्रिटनने १९९८ पासून मुलांना वेगळा पासपोर्ट सक्तीचा केला, युरोपियन युनियनमध्ये पालकांच्या पासपोर्टातल्या मुलांच्या नोंदी २०१२ मध्ये रद्द झाल्या. आता आपल्याकडे तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

म्हणजे स्वतंत्र पासपोर्टमुळेच नातवाला आजीबरोबर परदेशी जाता येऊ लागलं. पण त्यातूनच दुसरा प्रश्न आला. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑथेंटिकेशन झालं, ऑथरायझेशनचं काय? हे मूल कोण ते पासपोर्ट सांगतो. ते या माणसाबरोबर का आहे, हे तो सांगत नाही.

नाव्रातिलसारखी प्रकरणं घटस्फोट आणि विमानप्रवास दोन्ही वाढल्यावर नित्याची झाली. म्हणून १९८० साली हेग करार झाला: एका पालकाने परदेशी पळवलेलं १६ वर्षांखालचं मूल त्याच्या नेहमीच्या राहत्या देशात परत पाठवायचं. २००१ पासून अमेरिका लहान मुलांच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती मागते. भारत हेग करारात नाही. २००९ मध्ये लॉ कमिशनने सामील व्हा अशी शिफारस केली होती, पण अजून झालेलं नाही. मूल एकदा सीमेपार गेलं की परत आणणं अवघड, म्हणून सगळा जोर निघण्याआधीच्या कागदांवर.

तर मंडळी, फाइलमध्ये काय हवं? नातवाचा पासपोर्ट आणि जहाज ज्या देशांना लागणार त्यांचे व्हिसा. जन्माचा दाखला. दोन्ही पालकांनी सही केलेलं नोटराइज्ड पत्र: जहाजाचं नाव, तारखा, बंदरं, आजी-आजोबांचे पासपोर्ट नंबर, आपले फोन नंबर आणि गरज पडल्यास उपचारांना संमती (भर समुद्रात ऑपरेशनचा निर्णय घ्यायची वेळ आली तर हे शेवटचं वाक्य कामाचं). पालकांच्या पासपोर्टच्या प्रती. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा कोर्ट आदेश.

आईकडचे आजी-आजोबा असतील तर आडनाव जुळत नाही. तिथे आईच्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान उपयोगी पडतं, त्यावर तिच्या आई-वडिलांची नावं असतात. नातवाच्या दाखल्यात आई, आईच्या पासपोर्टात आजोबा. सरळसोट लिंक्ड लिस्ट!

अमेरिकेत जन्मलेल्या नातवाची आणखी एक भानगड. अमेरिकेतून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर १६ खालच्या अमेरिकन नागरिकाला बहुतेक वेळा जन्माच्या दाखल्यावर देशात परत येता येतं. भारतीय आजी-आजोबांना मात्र पासपोर्ट आणि परत येण्यापुरता वैध मल्टिपल एंट्री व्हिसा लागतोच. एकाच केबिनमधल्या तिघांना दोन नियम.

नाव्रातिलांचा थोरला मुलगा पुढे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि २००१ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी गेला. त्याला आई परत मिळायला महिनाभर लागला, तोही वर्तमानपत्रांच्या कृपेने. तेव्हा बाबा कुरकुरले, "आमच्यावर विश्वास नाही का?", तर त्यांना ही गोष्ट सांगा आणि पत्रावर सही करून ठेवा.