मैफलीचा क्षण आणि अपरिग्रह

अपरिग्रहाची उदाहरणे कलेच्या इतिहासातही आढळतात. अमेरिकेतील विल्यम गॉटलिब (१९१७–२००६) हे जॅझ संगीतावर लिहिणारे पत्रकार. 'वॉशिंग्टन पोस्ट' त्यांच्या सदरासाठी छायाचित्रकाराचा खर्च देईना, तेव्हा त्यांनी स्वतःच कॅमेरा हाती घेतला. फिल्म आणि फ्लॅशचे दिवे महाग. म्हणून प्रत्येक मैफलीत मोजकीच छायाचित्रे घ्यावयाची. मात्र संगीताची जाण सखोल असल्याने उत्कट क्षण त्यांना आधीच उमगे. १९४७ साली टिपलेली गानमग्न बिली हॉलिडे याची साक्ष देते. त्यांची सुमारे १६०० छायाचित्रे १९९५ मध्ये 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने संपादन केली आणि त्यांच्याच इच्छेनुसार २०१० मध्ये ती स्वामित्वहक्कातून मुक्त झाली. ज्या क्षणांसाठी आयुष्याची उमेद वेचली, त्यांवरील ममत्व सोडणे हीदेखील साधनाच होय.