काठवट

अखंड लाकूड कोरून केलेले, पीठ मळण्याचे व भाकरी थापण्याचे पसरट भांडे. बीड जिल्ह्यासारख्या शाळूच्या मुलखातही आता स्टीलच्या परातीने त्याची जागा घेतली आहे. काठवट पाण्यात भिजत ठेवत नाहीत. चिकटलेले पीठ ओले असतानाच खरवडून, धुवून-पुसून सावलीत तिरपी उभी करतात. उन्हात लाकडाच्या टोकांकडून ओल झपाट्याने उडते आणि तडा तिथूनच जातो. बीडचा मे महिना त्याला पुरेसा आहे. कोरड्या पडलेल्या लाकडाला शेंगदाण्याचे तेल लावू नये, ते सुकत नाही, खवट होते. जवसाचे तेल हवेत घट्ट होते. तेही थोडेच चोळून जादा पुसावे, आणि पूर्ण सुकेपर्यंत पीठ मळू नये. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप पेटू शकतात.