आवाजाचा ताळेबंद

पहिल्या महायुद्धाची कारणं शाळेत आम्हाला सहा मार्कांसाठी पाठ करायला लावली होती. पण घरोघरी रोज संध्याकाळी जे महायुद्ध पेटतं, त्याचं कारण कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हतं. ते कारण म्हणजे गाण्याचा आवाज. एका गाण्याला जो बेताचा वाटतो, तोच पुढच्या गाण्याला घर डोक्यावर घेतो.

हल्ली घरात बिनवायरचा स्पीकर असतो. लोणच्याच्या बरणीएवढा जीव. मोबाईलवर बोट टेकवलं की गाणं त्याच्या पोटातून निघतं. समजा, यादीतलं पहिलं गाणं साठ सालच्या आसपासचं भावगीत आहे. त्यातला गायक 'हळू' हा शब्दसुद्धा हळूच म्हणतो. ऐकू येईना म्हणून आपण आवाज चढवतो. ते संपतं न संपतं तोच गेल्या दिवाळीच्या सिनेमातलं गाणं असं अंगावर येतं, की स्वयंपाकघरातून "अहो!" उमटतो आणि शेजारी दाणकन खिडकी लागते. मग घरात निदानं सुरू होतात. स्पीकर बिघडला. मोबाईल बिघडला. नेट बिघडलं. पिढीच बिघडली. (हे शेवटचं निदान कोण करतं ते सांगायला नको.) 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या गावावर कुणी केली कोण जाणे, पण ती स्पीकरला जास्त लागू पडते.

हिशेब जुळत नसला तर चूक आजच्या पानावर शोधत बसू नये, मागची पानं उलटावीत, एवढं तरी बँकेत शिकलो. म्हणून मी या आवाजाची मागची पानं उलटली. ती पार १९०२ पर्यंत गेली.

त्याच्याही आधी आवाज म्हणजे निव्वळ अंतर होतं. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा परभणीच्या तुराबुल हकसाहेबांच्या उरुसात कव्वाली कमी ऐकू आली तर माणूस पुढं घुसायचा, जास्त वाटली तर चार पावलं मागं सरायचा. कीर्तनात पेंगायचं असेल तर खांबाआड बसायचं. ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या सतरंजीवर.

१९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाचा गोरा साहेब कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून आलेल्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. बारीक गायलं तर रेघच उठत नाही, तार सप्तकात कर्ण्याजवळ गेलं तर सुई उडते. म्हणून गाणाऱ्यानं स्वतःच पुढं-मागं व्हायचं. आवाजाचं बटण म्हणजे खुद्द गायिका! गाण्याच्या शेवटी बाई इंग्रजीत आपलं नावही ठणकावून सांगत, कारण तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला कोण गातंय ते कळायला हवं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही अभिमानानं म्हणतो. तबकड्यांच्या बाबतीत पहिला अर्धा भाग तरी खरा निघाला.

आता ती तबकडी घरी आणल्यावर आवाज कमी-जास्त कसा करायचा? ग्रामोफोनला बटण नव्हतंच. आवाज ठरायचा सुईवर. सुयांच्या डब्या मिळायच्या, एकेका डबीत दोनेकशे सुया. कुणी मोठ्या आवाजाची, कुणी मध्यम, कुणी हळू आवाजाची. युक्ती साधी होती. जाड सुई ताठ राहते आणि खाचेतला सगळा थरथराट वरच्या पडद्याला पोचवते. बारीक सुई स्वतःच लवते आणि निम्मा थरथराट वाटेतच जिरवते. एका बाजूला एक सुई, मग ती टाकून द्यायची, असा कंपनीचा नियम. माझ्या आईचं माहेर सेलूचं. तिच्या वडिलांकडं ग्रामोफोन होता. ते एक सुई आठवडाभर चालवीत आणि मोठ्या आवाजाच्या सुया पाहुण्यांसाठी कुलपात ठेवीत, असं आई सांगते. दुपारी आजोबा झोपले की कर्ण्यात आजीचं जुनं लुगडं कोंबायचं, ही घरगुती सोय वेगळी.

१९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि पाठोपाठ घरात रेडिओ शिरला. रेडिओला मात्र कान होता, आणि तो पिळता येत होता. त्या बटणात एक खुबी असते. आपल्या कानाचा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे, थेट चक्रवाढ व्याजासारखा. आवाजाची ताकद दसपट केली तेव्हा कुठं कान म्हणतो, 'हं, दुप्पट झालं असेल.' म्हणून बटणही त्याच चालीनं बनवावं लागतं. शिवाय १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं, की आवाज लहान केला की खर्ज आधी नाहीसा होतो. शेजाऱ्यांच्या भीतीनं बारीक लावलेल्या गाण्यात तबला ऐकू येतो अन् डग्गा सुट्टीवर जातो, तो यामुळं.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. निजामाचं रेडिओ स्टेशन हैदराबादेत. पुढं आम्ही १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, पण रेडिओचा कान घरातल्या कर्त्या पुरुषाच्याच हातात राहिला. १९५२ ला केसकर नभोवाणीमंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ. त्यांना सिनेमाची गाणी सोसत नसत, म्हणून ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते उठून रेडिओ सिलोनला गेले. 'बिनाका गीतमाला' तिथं त्याच वर्षी सुरू झाली. विविध भारती यायला १९५७ उजाडलं. तोवर लघुलहरींवरचं गाणं समुद्राच्या लाटेसारखं यायचं आणि जायचं. या चढउतारावर हॅरॉल्ड व्हीलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९२५ च्या सुमारास तोड काढली होती: रेडिओ आपला आपणच आवाज सावरतो. अर्थात सिलोनपुढं तीही कधी कधी हात टेकायची.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नसे. रेडिओवर एका गाण्याहून दुसरं गाणं फार मोठं कधी वाटत नसे. कारण रेडिओ केंद्रात एक माणूस बसलेला असे. समोर काट्याचं मीटर, हाताखाली बटणं. जुनी तबकडी बारीक निघाली की तो चढवायचा, नवी उसळली की दाबायचा. परभणीला पुढं आकाशवाणीचं केंद्र झालं आणि १३०५ किलोहर्ट्झला काटा लावून शेतकऱ्यांपासून मास्तरांपर्यंत सगळे ते ऐकू लागले. तेव्हाही मधे कुणीतरी पगारी माणूस होता. त्याचं नाव श्रोत्यांना माहीत नसे. खातं नीट चाललंय तोवर गिऱ्हाईक क्लार्कचं नाव विचारत नाही, त्यातलाच प्रकार.

आता आपल्या दुखण्याचं मूळ. हे मी वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो, विज्ञानवाल्यांनी रागावू नये. दोन खातेदार घ्या. पहिले एक मास्तर. एक तारखेला खात्यात ५०,०००. दहा तारखेला ८,०००. वीसला २,०००. शेवटच्या आठवड्यात पासबुक उघडायचं धाडस होत नाही. दुसरे मोंढ्यातले एक अडते. त्यांच्या खात्यात सकाळ-संध्याकाळ ४८ ते ५० हजारांच्या खाली आकडा नाही. दोघांचीही कमाल शिल्लक एकच: ५०,०००. पण सरासरी काढली की मास्तर कुठं आणि अडते कुठं!

जुनं गाणं मास्तरांच्या खात्यासारखं असतं. एखादी तान वर चढते, बाकी गाणं खाली शांत. नवं गाणं अडत्यांच्या खात्यासारखं. आणि कानाला कळते ती सरासरी. कमाल आकडा कान विचारात घेत नाही.

असं कसं झालं? १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. डिजिटल आवाजाला वर छत असतं, त्यापलीकडं आकडाच नाही. पण छताखाली किती दाटी करायची यावर बंधन नव्हतं. तीच चीज किंचित मोठ्यानं वाजवली की लोकांना ती 'जास्त चांगली' वाटते, हे विकणाऱ्यांनी केव्हाच हेरलं होतं. मग टोकं कापून उरलेलं सगळं वर उचलायची शर्यत लागली. कॉम्प्रेसर आणि लिमिटर ही त्याची हत्यारं. २००८ मध्ये मेटालिका या अमेरिकन मंडळींची तबकडी इतकी दाबून बाहेर पडली, की मुळातच गोंगाटासाठी पैसे मोजणाऱ्या श्रोत्यांनीही तक्रार केली. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात, हे त्यांनी शोधून काढलं. ज्यांच्या देवळात नगाराच वाजतो त्यांनीही कानावर हात ठेवले म्हणजे बघा.

जाहिरातवाले मागं कसे राहतील? आपल्या सरकारनं १९९४ च्या केबल नियमांत लिहून ठेवलं, की जाहिरातीतलं चित्र आणि ध्वनी अति 'लाउड' असू नये. शब्द अवतरण चिन्हांत टाकला, म्हणजे सरकारी कर्तव्य संपलं. अति म्हणजे किती, कुठल्या मापानं, हे नाही. तारणाशिवाय कर्ज मंजूर करावं तसा हा नियम.

माप यायला २००६ साल लागलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं कान जशी सरासरी काढतो तशी काढायची रीत ठरवली. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारकांनी उणे २३ ही पातळी धरली. संगीत पुरवणाऱ्या बऱ्याच सेवा साधारण उणे १४ च्या आसपास चालतात. त्याआधी २००१ मध्येच डेव्हिड रॉबिन्सन नावाच्या गृहस्थानं एक सोपी कल्पना मांडली होती. गाण्याला हात लावू नका, त्याच्या सोबत फक्त एक चिठ्ठी ठेवा, 'मला वाजवताना इतकं कमी करा' किंवा 'इतकं वाढवा.' म्हणजे आकाशवाणीतला तो मीटरवाला माणूस चिठ्ठीच्या रूपानं परत आला. त्याला पगार नाही आणि रजाही नाही. आमच्या काउंटरकडं बघून मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

मग तरी बरणीतून आरोळी का येते? कारण चिठ्ठी वाचणारा कुणीतरी हवा. ब्ल्यूटूथनं लावलं तर गाणं मोबाईलच उलगडतो, चिठ्ठी वाचतो आणि तयार माल स्पीकरकडं पाठवतो. वाय-फायवरून लावलं तर पुष्कळदा मोबाईल फक्त हुकूम सोडतो आणि स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं आणतो. म्हणजे चेकवर सही तुमची, पण पैसे मोजून घेणारा दुसराच. त्यानं चिठ्ठी वाचलीच पाहिजे असं नाही. त्यात आवाजाचे नळ दोन, एक मोबाईलला, एक स्पीकरला. मोबाईलवर बहुधा १५ पायऱ्या. ब्ल्यूटूथच्या नव्या रीतीत मोबाईल स्पीकरला ० ते १२७ मधला आकडा कळवतो, जुन्या रीतीत दोघं आपापले नळ आपल्या मर्जीनं सोडतात. एक अर्धा बंद आणि दुसरा पूर्ण उघडा असला, की घरातलं कुणीतरी अर्धा बंद नळ फिरवतं आणि मग छप्पर उडतं.

इथवर हा गमतीचा मामला होता. आमच्याकडं तो आईच्या कानाशी येऊन थांबला. ती चौऱ्याहत्तरची. रोज संध्याकाळी गाणी लागायची, पण ती हळूहळू आतल्या खोलीत जाऊन बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, "हे गाणं कानात बोलायलंय अन् ते कानफटात मारायलंय. मधलं गाणंच नाही का रे त्यात?" आम्हाला वाटलं, म्हातारपणाची किरकिर. कानाच्या डॉक्टरांनी समजावलं. वय झालं की बारीक आवाज कानाला पोचत नाही, पण मोठा मात्र पूर्वीइतकाच आदळतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यामधली जागा आक्रसत जाते. याला 'रिक्रूटमेंट' म्हणतात. बँकेत हा शब्द मी बरीच वर्षं ऐकलेला नाही, तो इथं भेटला. आपल्याला दोन गाण्यांतला फरक म्हणजे नुसता वैताग. तिला त्या अरुंद पट्टीच्या एका बाजूला शांतता आणि दुसऱ्या बाजूला टोचणी.

मुलीनं मग वाय-फाय सोडून ब्ल्यूटूथ जोडलं, मोबाईलचा नळ एका जागी पक्का केला आणि सेटिंगमध्ये शिरली. तिथं गाणी समपातळीला आणायची सोय होती आणि खाली तीन पर्याय. मोठा, मध्यम, हळू. ते तिनं आजीला वाचून दाखवले.

आई चष्मा पुसत म्हणाली, "सुयाच की ह्या. बारीक लाव."