पाटीवर ‘गावरान’, पातेल्यात ‘इंग्लिश’

आखाड लागला की कामशेत-लोणावळ्याच्या जुन्या हायवेला पाट्या चढतात, ‘चुलीवरची गावरान कोंबडी’. मागच्या आखाडात पाहुणे आले म्हणून मीही त्यांना अशाच एका हॉटेलात नेलं. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका हॉटेलाचा नाहीच. रस्सा झकास होता. हात धुवायला मागे गेलो तर जाळीच्या पिंजऱ्यात पांढऱ्याशुभ्र कोंबड्या, लाल तुरे एका बाजूला कलंडलेले. म्हणजे लेयर. दुकानदार जिला ‘इंग्लिश’ म्हणतात ती. दीड वर्ष अंडी देऊन थकलेली. बिल मात्र गावरानचं.

मला राग कोंबडीचा आला नाही. राग आला तो आठवणीमुळे. नाणे मावळात माझ्या मामांचं लेयरचं छोटं शेड होतं. जुनी लॉट काढायची वेळ आली की गाडीवाला सांगेल तो भाव घ्यावा लागायचा. कारण साधं आहे. अंडं कमी झालं तरी कोंबडी खाद्य तेवढंच खाते. नव्या तलंगा यायच्या असतात, शेड धुवून मोकळं करायचं असतं, आणि पुढं श्रावण, म्हणजे अंड्याची मागणी पडणार. मामांना थांबणं परवडायचंच नाही, आणि गाडीवाल्याला ते पक्कं माहीत असायचं.

आता थोडं मागे जाऊ. आजीच्या काळी अंड्याची कोंबडी वेगळी आणि खायची वेगळी असं काही नव्हतं. डालग्याखाली पंधरा-वीस कोंबड्या. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देणार, मध्येच खुडूक बसणार, पिल्लं काढणार. अशी तीन-चार वर्षं गेली, अंडं थांबलं, की मग ती चुलीवर. तरणी कोंबडी कापली तर आजी चिडायची. रश्श्याला जुनी कोंबडीच पाहिजे, हे तिचं ठाम मत.

हे चित्र बदललं ते आपल्याच जिल्ह्यातून. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि पुणे देशाच्या कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र झालं. पुढे ‘बीव्ही-३००’ ही पांढरी लेयर आली, एका फेरीत तीनशेच्या वर अंडी देणारी. अंड्याचा भाव उत्पादन खर्चाच्याही खाली जायला लागला तेव्हा १९८२ मध्ये शेतकरी एकत्र आले, राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली. अंड्याचा भाव व्यापाऱ्यानं नाही, उत्पादकानं ठरवायचा, ही त्यामागची लढाई. ‘संडे हो या मंडे’ आपल्याला पाठ झालं ते त्यातूनच.

अंड्याला घर मिळालं, पण अंडं देणारीचं काय? तोवर सहा-सात आठवड्यांत तयार होणारा ब्रॉयलर आला होता. वीस मिनिटांत शिजणारं मऊ मटण जिभेला आवडलं, आणि ७२-८० आठवड्यांची लेयर ‘वातड’ ठरली. खरं तर तिच्यात वातड काय असतं, तर वय. वयाबरोबर मांसातले धागे घट्ट होतात. मंद आचेवर तास-दोन तास दिले की तेच विरघळून रश्श्याला चिकटपणा आणि चव देतात. ब्रॉयलरमध्ये ते मुरायला वेळच मिळालेला नसतो.

आणि ‘इंग्लिश’ हे नावही गंमतच. ही लेगहॉर्न जात मूळची इटलीची, लिव्होर्नो बंदरावरून तिचं नाव पडलं. तिथून अमेरिकेत गेली, तिथे सुधारली. त्याहून मोठी गंमत तिच्या पिवळ्या पायांत आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा राखी रानकोंबड्याकडून आलाय, असं शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये जनुकं तपासून दाखवलं. आणि हा रानकोंबडा फक्त भारतात सापडतो, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही. म्हणजे परकी म्हणून हिणवलेल्या कोंबडीच्या अंगात आपल्या रानाचं थोडं देणं आहेच.

आता कामाचं. वडगाव, कामशेत, तळेगावला चिकनच्या दुकानात सरळ विचारा, “लेयर आहे का?” गावठीपेक्षा बरीच स्वस्त पडते. आमच्या घरी आई अशी करते: तेलात कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ, त्यात तुकडे चांगले परतायचे, गरम पाणी घालायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन तास. घाई असेल तर कुकर, पण मटणापेक्षा जास्त शिट्ट्या. पोटातली पिवळी अंडी शेवटी सोडायची, नाहीतर फुटतात. वरचं अळणी आधी वाट्यांत काढायचं, आजाऱ्याला आणि पोरांना. मग उरलेल्यात भाजलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण. सोबत तांदळाची भाकरी किंवा इंद्रायणीचा भात. इंद्रायणीही आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राची.

हॉटेलवाल्या बंधूंना एवढंच सांगणं आहे: लेयर वाढा, बिनधास्त वाढा, पण पाटीवर ‘लेयर’ लिहा आणि पैसे लेयरचे घ्या. गिऱ्हाईक पळणार नाही. चव कळली तर तेच मागेल. आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागायला लागलं, तरच शेडवाल्याला गाडीवाल्यासमोर दोन रुपये वाढवून मागता येतील. १९८२ साली अंड्याच्या भावासाठी शेतकरी भांडले. त्या कोंबडीचं तर आपण अजून नावसुद्धा खरं लिहीत नाही.

मामांचं शेड आता बंद आहे. जागेवर कुणाचा तरी फार्महाऊस होतोय.