वसईच्या घंटा



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच होय. परंतु स्मरण करणें निराळें आणि गेल्या वैभवासाठीं झुरत बसणें निराळें. हा भेद आपल्या वसईच्या इतिहासानें आपणांस चांगला शिकविला आहे.

इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें दोनशें पांच वर्षें त्यांचा अंमल चालला व कोटांत देवळें आणि मठ उभे राहिले. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या सैन्यापुढें कोट पडला. पोर्तुगीज सरदार कुटुंबांसह गलबतांत बसून निघून गेले. बहुतेक युरोपियन पाद्रीही गेले. देवळांच्या घंटा उतरवून देशावरील देवस्थानांस नेण्यांत आल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्यांपैकीं एक आजही आहे. तिजवर १७०७ हें साल व बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृति आहे.

सेमिनरींतून सुटीवर आलों कीं, कोटांतील सेंट जोसेफच्या मनोऱ्याखालीं उभें राहून ह्या घंटांच्या विचारानें माझें मन कडू होत असे. पुढें ध्यानांत आलें कीं, हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा लागतो. पोर्तुगीज अमलांत आपल्या हिंदु शेजाऱ्यांच्या पूर्वजांचीं देवालयें मोडलीं गेलीं, त्यांच्या पूजाविधींवर बंधनें आलीं. असें खातें कोणत्याही पिढीस पुरें करितां येत नाहीं. तें देवाच्या हवालीं करावें. मेणवलीस ती घंटा प्रत्यक्ष पाहिली, तेव्हां मीं कांहीं मागितलें नाहीं. एक नमो मरिया म्हणून परत फिरलों.

१७३९ सालीं मागें राहिले ते सरदार नव्हते. शेतकरी, बागाईतदार व कोळी होते. त्यांस राजाश्रय उरला नव्हता. गोव्याकडील थोडे एतद्देशीय पाद्री त्यांची सेवा करीत. बाकी जपमाळ, कुरूस आणि आईनें लेकरांस शिकविलेल्या प्रार्थना एवढीच शिदोरी. पुढें काय होणार हें त्यांस ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं शेतें नांगरलीं आणि मुलांस बाप्तिस्मा दिला.

त्या विश्वासाचें देवानें काय केलें? वसईंत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियानें १५९७ सालीं नागासाकी येथें ख्रिस्तासाठीं प्राण दिला होता. कोट पडून सव्वाशें वर्षें होत आलीं असतां, १८६२ सालीं, नववे पायस ह्या पोपमहाराजांनीं त्यास संतपद दिलें. कोट असतांना वसईस स्वतःचा बिशप नव्हता. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि ह्याच भूमीचे पुत्र थॉमस डाबरे पहिले बिशप झाले.

आज वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत, मुलें परदेशीं जात आहेत. आपलें काय होईल, असें वृद्ध मला विचारतात. घड उतरल्यावर जुनी केळ आपणच तोडतों, बुडाचा कोंब वाढावा म्हणून. मग देवानें तसें केलें तर भ्यावें कां?

रविवारीं आपल्या देवळाची घंटा वाजेल. जुन्या घंटांचें दुःख न करितां मिस्सेस या, लेकरांस बरोबर आणा. पुढील काळजी परमेश्वर वाहील.